कोण किती पाण्यात: आरमारी मिनिएचर खेळात फॅक्शनांची ताकद मोजण्याची रीत

नवतप्यातली दुपार. बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून आमच्या घरी बैठकीत दोन टेबलं जोडून त्यावर सीताबर्डीहून आणलेलं निळं कापड अंथरलेलं: हा समुद्र, आणि त्यावर आमची छोटी जहाजं. खेळात प्रत्येकाने एक फॅक्शन, म्हणजे ऑर्क, ड्वार्फ, एल्फ अशा काल्पनिक जमातींपैकी एकीचं आरमार, घ्यायचं. भाचा ऑर्कांचा ताफा घेऊन माझ्या ड्वार्फांशी सलग तिसरा डाव हरला आणि म्हणाला, "मामा, हे ऑर्क काही कामाचे नाहीत. फॅक्शनच फुसकी आहे."

मी म्हटलं, ताफे बदलू. त्याने ड्वार्फ घेतले, मी ऑर्क. यादी तीच, पॉइंट्स (प्रत्येक जहाजाची खेळातली किंमत) तेच, बेटंही जागच्या जागी. मी एवढंच केलं की वाऱ्याचा बाण कुठे दाखवतोय ते आधी पाहिलं आणि वारा पाठीशी येईल ती बाजू मागितली. तिसऱ्या फेरीत माझी सहापैकी पाच जहाजं त्याच्या लोखंडी नौकांना भिडली. तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काहून हरलो मग मी तीनदा?"

त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही त्या सुट्टीभर वही घेऊन शोधलं. "कोणती फॅक्शन भारी?" या प्रश्नाला उत्तर नाही. "किती अंतरावर, कोणत्या वाऱ्यात आणि कितव्या फेरीत भारी?" या प्रश्नाला मात्र नेमकं उत्तर आहे, आणि ते साध्या गुणाकार-भागाकारात निघतं. ती रीत इथे क्रमाने देतो.

आधी आपला खेळ नीट ओळखा

काल्पनिक आरमाराचे खेळ पुष्कळ आहेत आणि प्रत्येकात ताकदीचा अर्थ वेगळा आहे. गेम्स वर्कशॉपच्या १९९३ सालच्या 'मॅन ओ' वॉर'मध्ये प्रत्येक मोठ्या जहाजाचा भागाभागांत विभागलेला तक्ता असतो आणि मार कुठे बसला यावर पुढचं सगळं ठरतं. त्यातल्या ड्वार्फांच्या आयर्नक्लॅड, म्हणजे लोखंडी चिलखताच्या नौका, वाफेवर चालतात, त्यांना वाऱ्याचं बंधन नाही. ब्रेटोनिया या माणसांच्या राज्याच्या गॅलिऑन, म्हणजे मोठी जहाजं, मात्र शिडांवर अवलंबून. याच कंपनीच्या २०११ च्या 'ड्रेडफ्लीट'मध्ये दोन्ही बाजूंना पाच-पाच जहाजं ठरवूनच दिलेली आहेत. तिथे यादी बनवण्याचा प्रश्न येत नाही, तुलना करायची ती प्रसंगाप्रसंगाची. स्पार्टन गेम्सचा 'अनचार्टेड सीज' २००८ चा. ती कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, तरी जुने ताफे घेऊन लोक अजून खेळतात. मँटिकचा 'आर्माडा' २०२० मध्ये आला. तो वॉरलॉर्ड गेम्सच्या 'ब्लॅक सीज' या शिडांच्या काळातल्या खेळाच्या नियमांवर उभा आहे, त्यामुळे त्यात वाऱ्याला फार किंमत आहे.

आपल्या नियमपुस्तकातून चार गोष्टी शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डाव किती फेऱ्यांचा? वारा आहे का, आणि तो बदलतो का? जहाजं आळीपाळीने एकेक हलतात की एका बाजूची सगळी एकदम? आणि पिछाडीवरून मारलेल्या तोफांना जास्तीचं नुकसान मिळतं का? ही चार उत्तरं हाती नसतील तर पुढचे आकडे काढून उपयोग नाही.

एका मारगिरीची सरासरी

मारगिरी म्हणजे जहाजाने एका वेळी एका बाजूच्या तोफा डागणं. यापुढचे आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, ते कुठल्याही एका खेळाचे नाहीत. तुम्ही तिथे आपल्या कार्डावरचे आकडे घाला.

ड्वार्फांची लोखंडी नौका: १०० पॉइंट्स, आडव्या बाजूच्या तोफांचे ६ फासे, सहा बाजूंच्या फाशावर ४ किंवा जास्त आलं की मार लागतो, हल (किती मार खाल्ल्यावर जहाज बुडतं तो आकडा) ८, आणि चिलखतामुळे आलेला प्रत्येक मार ४ किंवा जास्त आल्यास वाचतो. एल्फांचं वेगवान जहाज: ८० पॉइंट्स, ५ फासे, तेही ४ वर लागणारे, हल ६, मार वाचतो तो फक्त ६ वर.

ड्वार्फ मारतो तेव्हा ६ फाशांत सरासरी ३ लागतात. त्यातला सहावा हिस्सा एल्फ वाचवतो, उरतात २.५. म्हणजे ६ हलचं जहाज बुडवायला ६ भागिले २.५, अशा २.४ मारगिऱ्या लागतात. एल्फ मारतो तेव्हा ५ फाशांत २.५ लागतात, त्यातले अर्धे चिलखतावर अडतात, उरतात १.२५. ड्वार्फाचं ८ हल संपवायला ६.४ मारगिऱ्या.

समोरासमोर उभं राहून तोफा डागल्या तर एल्फाचं काही खरं नाही. इथेच बहुतेक जण थांबतात आणि "ड्वार्फ ओपी (गरजेपेक्षा जास्त ताकदवान) आहेत" असा निकाल देतात. पण अजून पॉइंट्सचा हिशोब व्हायचा आहे.

पॉइंट्स, आणि संख्येचा वर्ग

४०० पॉइंट्समध्ये ड्वार्फांच्या ४ नौका येतात, एल्फांची ५ जहाजं. नुसती ४ विरुद्ध ५ अशी तुलना केली तर चूक होते, कारण जास्त जहाजं असलेली बाजू एकाच वेळी जास्त मारही करते आणि तिच्यावर येणारा मार जास्त जहाजांत वाटलाही जातो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९१६ मध्ये हे सूत्रात मांडलं: लांबून मारा करणाऱ्या दोन दलांची ताकद म्हणजे एकेकाची मारक क्षमता गुणिले संख्येचा वर्ग.

आपल्या उदाहरणात घालून पाहू. एक ड्वार्फ नौका दर मारगिरीला एल्फ जहाजाचा २.५ भागिले ६, म्हणजे ०.४२ भाग बुडवते. एक एल्फ ड्वार्फाचा १.२५ भागिले ८, म्हणजे ०.१६ भाग बुडवतो. ड्वार्फांची ताकद ०.४२ गुणिले १६, साधारण ६.७. एल्फांची ०.१६ गुणिले २५, साधारण ३.९. अंतर कमी झालं, पण पारडं अजून ड्वार्फांकडेच झुकलेलं आहे. हाच हिशोब शेवटपर्यंत नेला तर एल्फांचा ताफा संपेपर्यंत ड्वार्फांच्या अडीच नौका शिल्लक राहतात.

हे सूत्र तंतोतंत खरं ठरण्यासाठी सगळ्यांनी सगळ्यांवर एकाच अंतरावरून, एकाच कोनातून मारलं पाहिजे. टेबलावर तसं कधीच होत नाही. म्हणून हा आकडा फक्त पायाचा दगड समजा.

पिछाडी

शिडाच्या जहाजाची सगळी ताकद आडव्या बाजूला असते. मागून आलेल्या शत्रूवर रोखायला एखाददुसरी तोफ, आणि मागून शिरलेला गोळा मात्र जहाजभर आरपार जातो. १८०५ मध्ये ट्राफल्गारच्या लढाईत ब्रिटिश सेनानी नेल्सनची २७ जहाजं फ्रेंच-स्पॅनिश ३३ जहाजांवर चालून गेली तेव्हा जवळ येईपर्यंत त्यांनी समोरून मार खाल्ला. रांग फोडून नेल्सनचं जहाज 'व्हिक्टरी' फ्रेंच सेनानीच्या 'ब्युसेंटॉर' या जहाजाच्या पिछाडीमागून गेलं आणि एका मारगिरीत त्याची दैना केली.

आपल्याकडे यासाठी इंग्रजी पुस्तकं उघडायची गरज नाही. आंग्र्यांच्या आरमारात गलबतं वल्ह्यांवर चालत, वारा पडला की गुराबांना, म्हणजे तोफांच्या मोठ्या जहाजांना, ओढून नेत आणि मोठ्या व्यापारी जहाजाच्या मागे उभं करत. तोफा मारायच्या त्या मागून, डोलकाठ्या आणि शिडं निकामी करायला. मग जवळ भिडून माणसं चढवायची. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं एकेकटी मोठी होती, तोफाही जास्त होत्या, तरी कान्होजींच्या हयातीत, म्हणजे १७२९ पर्यंत, या पद्धतीपुढे इंग्रजांना कोकण किनाऱ्यावर सुख लागलं नाही. मिनिएचर खेळातल्या हलक्या ताफ्याचा खेळाडू नेमकं हेच करत असतो, म्हणून ही गोष्ट मी भाच्याला आधी सांगितली आणि मग आकडे काढले.

समजा पिछाडीवरून मारल्यास नुकसान दुप्पट होतं आणि ड्वार्फांना मागे फक्त १ फासा आहे. एल्फांची मारगिरी १.२५ वरून २.५ होते. ड्वार्फांची २.५ वरून ०.४ वर येते. आता खरा प्रश्न विचारा: एल्फांच्या किती मारगिऱ्या पिछाडीवरून झाल्या तर दोन्ही ताफे बरोबरीला येतील?

वरच्याच वर्गाच्या सूत्रात हे घातलं की उत्तर येतं ०.२९. दर १० मारगिऱ्यांत सुमारे ३. डाव सहा फेऱ्यांचा असेल आणि पहिल्या दोन जवळ येण्यात जात असतील, तर पाच जहाजांच्या चार फेऱ्यांत जास्तीत जास्त २० मारगिऱ्या होतात. त्यातल्या ६ पिछाडीवरून साधल्या तर एल्फ बरोबरीत, ७-८ साधल्या तर पुढे.

या एका आकड्याने माझी तुलना करण्याची पद्धत बदलली. "एल्फ कमजोर आहेत का?" या वादाला जागाच उरली नाही. पुढच्या डावात मी फक्त पिछाडीवरच्या मारगिऱ्या मोजत गेलो, प्रत्येक वेळी वहीत एक काडी. ज्या खेळाडूच्या चारच्या वर काड्या जात नाहीत त्याने एल्फ घेऊन ड्वार्फांशी खेळू नये, किंवा आधी वळणं शिकावीत. उघड्या समुद्रात चार काड्याही मुश्किलीने होतात. टेबलावर तीन-चार बेटं असली, म्हणजे ड्वार्फांना वळायला जागा उरली नाही, की सहा सहज होतात. म्हणून टेबलावरच्या बेटांची संख्या हा फॅक्शनच्या ताकदीचाच भाग धरा आणि निकालासोबत ती लिहून ठेवा.

ऑर्कांचा हिशोब: किती पोहोचतात?

भिडून लढणाऱ्या ताफ्याला वरचं सूत्र लावू नका. त्यांच्यासाठी मोजायची गोष्ट एकच, शत्रूपर्यंत जिवंत पोहोचणारी जहाजं.

ऑर्कांचं जहाज ६० पॉइंट्सचं धरू, हल ७, मार वाचतो ५ किंवा ६ वर. ४०० पॉइंट्समध्ये सहा जहाजं आणि वर ४० पॉइंट्स हातात. ड्वार्फांच्या चार नौका मिळून दर फेरीला १२ मार लावतात, त्यातले दोन तृतीयांश आत जातात. दर फेरीला ८ नुकसान. तोफांचा पल्ला २४ इंच.

वारा पाठीशी असेल आणि ऑर्क फेरीला ८ इंच चालत असतील, तर तीन फेऱ्या मार खावा लागतो. २४ नुकसान. तीन जहाजं गेली, चौथं मोडकळीला आलं. वारा आडवा असेल तर चाल ६ इंच, चार फेऱ्या, ३२ नुकसान, साडेचार जहाजं गेली. वारा तोंडावर असेल तर चाल ३ इंच, २४ इंचांना आठ फेऱ्या लागतात. डाव सहा फेऱ्यांत संपतो. भाच्याचे तीन डाव असेच गेले होते. प्रत्येक वेळी त्याने टेबलाची आपली नेहमीची, कूलरजवळची बाजू घेतली होती.

ड्वार्फांच्या सगळ्या आडव्या तोफा सगळा वेळ ऑर्कांवर रोखलेल्या राहतील असं धरलं, म्हणून हे आकडे सर्वात वाईट परिस्थितीचे आहेत. ऑर्क दोन दिशांनी आले आणि निम्म्याच तोफा कामी आल्या तर तीन फेऱ्यांत १२ नुकसान होतं. एक जहाज बुडतं, दुसरं जेमतेम तरंगत पोहोचतं.

पोहोचल्यावर काय? ऑर्कांचे चढाईचे ८ फासे ४ वर लागतात, सरासरी ४. ड्वार्फ खलाशांचे ४ फासे ३ वर, सरासरी २.७. एकास एक भिडलं तर झटापट लांबते. दोन ऑर्क एका ड्वार्फाला लागले तर ८ विरुद्ध २.७, नौका ताब्यात. म्हणून पोहोचलेल्या जहाजांच्या जोड्या मोजा. तीन पोहोचली तर एकच जोडी: १०० पॉइंट्स कमावले, १८० गमावले. चार पोहोचली तर दोन जोड्या: २०० कमावले, १२० गमावले. ऑर्कांचं सगळं यश तीन आणि चार यांच्यामधल्या त्या एका जहाजावर आहे.

आता जादूची किंमत काढता येते, आणि काल्पनिक खेळात हाच भाग लोक अंदाजाने सोडून देतात. वारा वळवणारा जादूगार आडव्या वाऱ्याचा पाठीशी वारा करू शकत असेल, तर तो ऑर्कांची एक फेरी वाचवतो. एक फेरी म्हणजे ८ नुकसान, म्हणजे एका जहाजाहून थोडं जास्त, पॉइंट्समध्ये साधारण ६८-६९. तो मंत्र निम्म्या वेळाच साधत असेल तर किंमत ३४. आपल्याकडे ४० शिल्लक होते. जादूगार ३० ला मिळत असेल तर घ्या, ५० ला मिळत असेल तर सहावं जहाज काढून त्याच्यासाठी जागा करू नका. याच पद्धतीने उडणारे स्वार, समुद्रातले राक्षस, धुकं पसरवणारे मंत्र यांची किंमत लावा: ते किती मारगिऱ्या वाचवतात किंवा किती जास्तीच्या मिळवून देतात, तेवढंच त्यांचं मोल.

सरासरीमागे लपलेलं

६ फासे ४ वर मारले तर सरासरी ३. एकच राक्षसी तोफ ४ वर लागून ६ नुकसान करत असेल तर तिचीही सरासरी ३. पण सहा फाशांत एकही न लागण्याची शक्यता ६४ मध्ये १ आहे आणि त्या एका तोफेची निम्म्या वेळा शून्य. डावात हरत असलेल्या खेळाडूला चढउतार परवडतो, जिंकत असलेल्याला तो नको असतो. म्हणून दोन फॅक्शनांची सरासरी सारखी आली तर कुणाचे फासे जास्त उसळतात तेही लिहा.

आळीपाळीने जहाज हलवायच्या खेळात संख्येला आणखी एक मोल आहे. ड्वार्फांची चार हलून झाल्यावर ऑर्कांची शेवटची दोन बिनधास्त हलतात, कारण त्या फेरीत उत्तर द्यायला कुणी उरलेलं नसतं. पिछाडी बहुधा तेव्हाच मिळते. मृतांच्या (भुताखेतांच्या) ताफ्यांना, घाबरून पळतात का याची फाशांवरची चाचणी द्यावी लागत नाही अशी सवलत जिथे असेल, तिथे शेवटच्या दोन फेऱ्यांत इतरांची किती जहाजं चाचणीत पळाली तेवढी मोजा. बाकी त्यांचा हिशोब वरच्यासारखाच.

टेबलावर पडताळा

कागदावर काढलेले उंबरठे, म्हणजे एल्फांच्या सहा काड्या आणि ऑर्कांची चार जहाजं, खरे आहेत का हे खेळूनच कळतं. इथे शिस्त लागते.

डाव जोडीने खेळा. पहिला झाला की ताफे बदलायचे आणि तीच मांडणी, वाऱ्याची तीच सुरुवात ठेवून दुसरा. असं केलं नाही तर तुम्ही फॅक्शन मोजत नाही, खेळाडू मोजता. अंतर नेहमी तळाच्या पट्टीपासून घ्या. शिडापासून किंवा डोलकाठीपासून घेऊ नका, आमच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही. रेझिनच्या बारीक डोलकाठ्या बंद गाडीत अर्धा तास राहिल्या तरी वाकतात. गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतात, पण पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत.

कूलरचं आम्हाला उशिरा लक्षात आलं. त्याचा झोत थेट टेबलावर येई आणि वाऱ्याचा पुठ्ठ्याचा बाण दर दोन-तीन फेऱ्यांनी थोडा फिरे. एका डावात आडवा वारा पाठीशी कधी झाला हे दोघांनाही सांगता येईना. तो डाव आम्ही वहीतून खोडला. आता बाणाखाली दोन रुपयांचं नाणं चिकटवलेलं असतं, कार्डांवरही नाणी ठेवतो आणि वाऱ्याची दिशा प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला वहीत लिहितो.

जिंकलं-हरलं एवढंच लिहिलं तर फार डाव लागतात. दोन अगदी बरोबरीचे ताफे १० डाव खेळले तरी कुणीतरी ७ किंवा जास्त जिंकण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के आहे, म्हणजे तीनातून एकदा. ७-३ वरून काही सिद्ध होत नाही. २० डावांत १५-५ झालं तर ते योगायोगाने होण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास उरते, तेव्हा बोलायला आधार आहे. २० डाव खेळायला कुणाला वेळ आहे? म्हणून प्रत्येक डावात किती पॉइंट्स बुडवले आणि किती गमावले याचा फरक लिहा. सहा-आठ डावांत कल दिसू लागतो.

शेवटी प्रत्येक जोडीसाठी एक कार्ड करा. वर दोन ताफ्यांची नावं. खाली तीन रकाने: लांब, मध्यम, भिडून. प्रत्येक रकान्यात त्या अंतरावर दर फेरीला कोण किती पॉइंट्स कमावतो तो आकडा. तळाला उंबरठा. एकच "ताकद" असा रकाना ठेवू नका. तो ठेवला की सगळी माहिती त्यात बुडते आणि पुन्हा "फॅक्शन फुसकी आहे" यावर गाडी येते.

भाच्याचं ऑर्क-ड्वार्फ कार्ड माझ्या वहीत अजून चिकटवलेलं आहे. रकान्यांत खाडाखोड भरपूर. तळाला पेन्सिलीने लिहिलंय: चार पोहोचवायची. वारा तोंडावर असला तर बेटाआड दोन फेऱ्या थांबायचं, बाण फिरतो का बघायचं, मग दोन बाजूंनी निघायचं. त्याखाली दिवाळीच्या सुट्टीसाठी त्याने पुढची जोडी लिहून ठेवलीय, ऑर्क आणि एल्फ, आणि रकाने कोरे सोडलेत.